बोट उचललं तरी ड्रॅग सुटत नाही: मध्येच तुटणाऱ्या टच-पॉइंटर इनपुटची तपासणी

स्लायडर, सहीची चौकट, फोटोंचा कॅरोसेल, ओढून क्रम बदलायची यादी. लॅपटॉपवर माऊसने चारही झकास चालतात आणि फोनवर गेल्या की रुसतात. तक्रार दर वेळी नव्या शब्दांत येते, पण आतला बिघाड बहुतेक वेळा एकच असतो. बोट टेकल्याची खबर कोडला मिळालेली असते, बोट गेल्याची मिळालेली नसते. किंवा मिळालेली असते, पण ती वेगळ्या नावाने (पॉइंटरकॅन्सल, म्हणजे 'स्पर्श रद्द') आली आणि ते नाव कुणी ऐकतच नव्हतं.

लक्षणं

• स्लायडरची गुंडी पाच-दहा पिक्सेल सरकून थिजते आणि पान वरखाली हलायला लागतं. (तपासणी ४ आणि ५)
• फोटो ओढायला जावं तर त्याची पुसट प्रत कर्सरबरोबर निघते आणि मूळ फोटो जागचा हलत नाही. (६)
• बोट उचललं तरी कार्ड अर्ध्यावर लटकतं, किंवा बटण दाबलेल्या रंगातच राहतं. (७)
• सहीच्या चौकटीत नवी रेघ सुरू केली की जुन्या रेघेच्या टोकापासून तिथपर्यंत सरळ आडवी रेघ उमटते. (७)
• पहिला ड्रॅग चालतो, दुसऱ्यापासून काहीच होत नाही. पान रिफ्रेश केलं की पुन्हा एकदाच चालतो. (७ आणि ८)
• माऊसचं बटण खिडकीबाहेर सोडून परत आलं की बटण न दाबताही वस्तू कर्सरला चिकटून फिरते. (८)
• एका बोटाने नकाशा सरकवायला जावं तर तो झूम होतो. (९)
• ब्राउझरमध्ये सगळं ठीक, तेच पान ॲपच्या आत उघडलं की ड्रॅग तुटतो. (१०)

खालच्या तपासण्या सोप्याकडून अवघडाकडे लावल्या आहेत. पहिल्या तीन वगळून थेट कोडमध्ये हात घालायचा मोह होतो. तो टाळा, त्या तिन्ही मिळून पंधरा मिनिटांच्या आहेत.

तपासणी १: फोन, चार्जर, काच

फोन चार्जिंगला लावलेला असेल तर काढा. हलक्या चार्जरमधला विद्युत गोंगाट टच पॅनेलच्या मोजणीत मिसळतो, मग बोट टेकलेलं असूनही पॅनेल ते क्षणभर 'उचललं' असं कळवतं. डेव्हलपरचा टेस्टिंगचा फोन दिवसभर केबललाच लटकलेला असतो, म्हणून हे आधी बघायचं. नंतर काच कोरडी पुसा, जाड किंवा कडा सुटलेला स्क्रीनगार्ड असेल तर दुसऱ्या फोनवर तीच कृती करा.

अँड्रॉइडमध्ये पक्का निकाल मिळतो. सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. त्यात 'पॉइंटर लोकेशन' चालू करा. आता बोट जिथे फिरेल तिथे रेघ उमटते आणि वरच्या पट्टीत किती बोटं टेकली आहेत ते दिसतं. बोट न उचलता पडद्याच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात तिरकं ओढा. रेघ दर वेळी ठरावीक पट्ट्यात तुटत असेल, किंवा बोट नसताना आकडा वाढत असेल, तर दोष काचेखालच्या डिजिटायझरचा, म्हणजे स्पर्श ओळखणाऱ्या थराचा. इथे थांबायचं आणि फोन दुरुस्तीवाल्याकडे द्यायचा. कोडमध्ये अशा फोनसाठी 'शंभर मिलिसेकंद वाट बघू' छापाची ठिगळं लावली तर चांगल्या फोनवाल्यांना उगीच मंद पान मिळतं.

तपासणी २: फोनचे स्वतःचे जेस्चर

काही स्पर्शांवर ऑपरेटिंग सिस्टीमचा पहिला हक्क असतो. तिने तो बजावला की पानाला फक्त 'रद्द' एवढंच कळतं.

अँड्रॉइड १० पासूनच्या जेस्चर नेव्हिगेशनमध्ये डाव्या आणि उजव्या दोन्ही कडांवरून आत ओढणं म्हणजे मागे जाणं. आयफोनवरच्या सफारीत डाव्या कडेवरून आत ओढलं की मागचं पान येतं. वरून खाली ओढलं की नोटिफिकेशनचा पडदा. बऱ्याच अँड्रॉइड फोनांत तीन बोटं खाली ओढली की स्क्रीनशॉट निघतो, आणि आयपॅडवर चार-पाच बोटांनी ॲप बदलतं. पेन वापरताना तळहात टेकला तर सिस्टीम तो नको असलेला स्पर्श म्हणून मागाहून रद्द करते.

हे पानातून बंद करता येत नाही आणि तसा प्रयत्नही करू नये. करायचं ते डिझाइनमध्ये: स्लायडरची गुंडी किंवा ड्रॅगची मूठ पडद्याच्या डाव्या-उजव्या कडेला चिकटवू नका, निदान २४ ते ३२ पिक्सेल आत घ्या. तीन बोटांचं स्वतःचं जेस्चर वेबपानात ठेवूच नका.

आयपॅडवर पेन्सिलने भराभर लिहिताना मधले छोटे फटकारे गायब होत असतील तर सेटिंग्जमधलं 'स्क्रिबल' बंद करून पाहा. आयपॅडओएस १४ पासून ते फटकारे मजकूर म्हणून वाचायला धावतं. बंद केल्यावर सही नीट आली तर दोष सापडला. वापरणाऱ्याला सेटिंग बदलायला सांगणं हा इलाज नव्हे, इलाज तपासणी ५ मध्ये आहे.

ओढून रिफ्रेश होणं मात्र पानाच्या हातात आहे. पानाच्या मुळाशी असलेल्या एचटीएमएल एलिमेंटवर सीएसएसमध्ये ओव्हरस्क्रोल-बिहेवियर-वाय: कंटेन दिलं की क्रोममध्ये ते थांबतं.

तपासणी ३: नेमकं काय येतंय ते लिहून काढा

अंदाज बांधण्याआधी लॉग, म्हणजे काय घडलं त्याची नोंद, घ्या. बिघडलेल्या एलिमेंटवर सात लिसनर (इव्हेंट, म्हणजे घडामोडीची खबर, ऐकणारी फंक्शनं) लावा: पॉइंटरडाउन, पॉइंटरमूव्ह, पॉइंटरअप, पॉइंटरकॅन्सल, गॉटपॉइंटरकॅप्चर, लॉस्टपॉइंटरकॅप्चर आणि ड्रॅगस्टार्ट. (कॅप्चर म्हणजे बोट किंवा माऊस बाहेर गेला तरी त्याच्या खबरा त्याच एलिमेंटला मिळत राहणं.) प्रत्येकात इव्हेंटचं नाव, पॉइंटरआयडी, पॉइंटरटाइप (टच, माऊस की पेन), बटन्स (दाबलेल्या बटणांचा आकडा) आणि क्लायंटएक्स-क्लायंटवाय (जागा) छापा. फोन केबलने जोडून कॉम्प्युटरवरच्या डेव्हटूल्समधून, म्हणजे ब्राउझरच्या तपासणीच्या साधनातून, बघा (केबल चार्जही करते, तपासणी १ आठवा). कॉम्प्युटरवरच्या नकली मोबाइल मोडमध्ये सिस्टीमचे जेस्चर नसतात, त्यामुळे तिथे हा दोष दिसलाच नाही तर आश्चर्य नाही.

ब्रेकपॉइंट लावू नका. पॉइंटरडाउनमध्ये कोड थांबला आणि तेवढ्यात बोट उचललं गेलं, तर पॉइंटरअप हरवतो आणि नसलेला दोष दिसायला लागतो. अलर्टचंही तेच. छापणं एवढंच करा.

थिजणाऱ्या स्लायडरचा लॉग साधारण असा दिसतो:

पॉइंटरडाउन, आयडी ७, टच, एक्स २१२, वाय ४०८
गॉटपॉइंटरकॅप्चर, आयडी ७
पॉइंटरमूव्ह, आयडी ७, एक्स २१५, वाय ४११
पॉइंटरमूव्ह, आयडी ७, एक्स २१९, वाय ४१९
पॉइंटरकॅन्सल, आयडी ७, एक्स ०, वाय ०
लॉस्टपॉइंटरकॅप्चर, आयडी ७

यातून तीन गोष्टी वाचायच्या. पॉइंटरअप आलाच नाही आणि येणारही नाही, कारण कॅन्सलनंतर त्या आयडीचा विषय संपला. त्याच्या मागून क्लिकही येत नाही. कॅन्सलमधले एक्स-वाय ० आहेत. काही ब्राउझर तिथे खरी जागा देतच नाहीत, म्हणून कॅन्सलच्या हँडलरमध्ये ते आकडे वापरले की वस्तू पडद्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात उडी मारते. शेवटची खरी जागा मूव्हमध्येच साठवून ठेवायची. तिसरं म्हणजे कॅन्सलच्या आधी बोट उभं जास्त सरकलं (११ पिक्सेल) आणि आडवं कमी (७). ब्राउझरने तो स्क्रोल मानला.

लॉगवरून पुढची वाट ठरते. दोन-चार मूव्हनंतर कॅन्सल आला तर ४ आणि ५. ड्रॅगस्टार्टला लागून कॅन्सल आला, किंवा बोट स्थिर असताना अर्ध्या सेकंदाने आला, तर ६. कॅन्सल व्यवस्थित येतोय पण पडद्यावर काहीच सावरत नाही, तर ७. ना अप, ना कॅन्सल, तर ८.

तपासणी ४: टच-ॲक्शन

बहुतेक तक्रारी इथेच मिटतात, आणि इलाज सीएसएसच्या एका ओळीचा असतो. ती ओळ चुकीच्या जागी पडते, ही अडचण.

बोट टेकलं की ब्राउझरला लगेच ठरवायचं असतं: हा स्पर्श पानाच्या कोडचा की स्क्रोल-झूमसाठी आपला? ते तो टच-ॲक्शनवरून ठरवतो. काहीच लिहिलेलं नसेल तर किंमत 'ऑटो', म्हणजे सगळं ब्राउझरचं. मग बोट थोडं सरकताच तो स्क्रोल सुरू करतो आणि कोडला पॉइंटरकॅन्सल पाठवून मोकळा होतो.

कुठे काय द्यायचं:

आडवा स्लायडर किंवा कॅरोसेल: पॅन-वाय. उभं स्क्रोल ब्राउझरकडे, आडवी हालचाल कोडकडे. झूमही राहू द्यायचं असेल तर पॅन-वाय आणि पिंच-झूम दोन्ही लिहा. राहू द्यावंच, बारीक अक्षर न दिसणारे लोक बरेच आहेत.
सहीची चौकट, चित्र काढायचा कॅनव्हास: नन, म्हणजे सगळं कोडकडे.
ओढून क्रम बदलायची यादी: नन फक्त मुठीला, पूर्ण ओळीला नाही.
पूर्ण बॉडीला नन: कधीही नाही. पान स्क्रोलच होत नाही आणि तक्रारीचं नाव बदलून ती परत येते.

ओळ लिहूनही फरक पडत नसेल तर हे बघा.

टच-ॲक्शन इनलाइन एलिमेंटला लागूच होत नाही. स्पॅनची गुंडी केली असेल तर तिला इनलाइन-ब्लॉक करा. टेबलाच्या ओळींना आणि ओळींच्या गटांनाही ते लागू होत नाही. त्यामुळे टेबलाची पूर्ण ओळ ओढायची असेल तर मूठ सेलच्या आत द्या.

ही किंमत वारशाने येत नाही. स्पर्श झालेल्या एलिमेंटपासून वर जवळच्या स्क्रोल होणाऱ्या पूर्वजापर्यंत सगळ्यांच्या परवानग्यांचा छेद काढला जातो. म्हणजे बापाने नाकारलेलं मुलाला परत मागता येत नाही. उलट बाजूही आहे: नन दिलेल्या कार्डाच्या पोटात ओव्हरफ्लो-ऑटोची छोटी यादी असेल, तर त्या यादीवर टेकलेल्या बोटासाठी स्क्रोलची मोजणी यादीपाशीच थांबते. कार्ड बाकी सगळीकडून ओढता येतं, यादीवरून ओढलं की कॅन्सल.

बोट टेकण्याच्या क्षणी जी किंमत होती तीच त्या स्पर्शाला शेवटपर्यंत. पॉइंटरडाउनच्या हँडलरमध्ये जावास्क्रिप्टने टच-ॲक्शन बदलणं म्हणजे गाडी सुटल्यावर तिकीट काढणं. पुढच्या स्पर्शाला लागू होतं, म्हणून 'पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदा चालतं' असं गोंधळात टाकणारं लक्षण दिसतं.

पॅन-वाय दिल्यावरही कधीमधी कॅन्सल येणारच, कारण वापरणाऱ्याने खरंच उभं ओढलेलं असतं. तो दोष नाही. कर्जाच्या हप्त्याच्या कॅल्क्युलेटरमध्ये तीन स्लायडर एकाखाली एक असतात आणि माणूस त्यांच्यावरूनच पान स्क्रोल करतो. तेव्हा कॅन्सल आला की रक्कम जिथून सुरू झाली तिथे परत गेली पाहिजे, नाहीतर नुसत्या स्क्रोलने वीस लाखांचे एकवीस होतात. (खरं तर साध्या स्लायडरसाठी ब्राउझरचा तयार रेंज इनपुट वापरा. दिसायला साधा असेल, पण यातलं अर्धं लचांड तो स्वतः सांभाळतो.)

तपासणी ५: प्रिव्हेंटडिफॉल्ट ऐकलं का जात नाही

प्रिव्हेंटडिफॉल्ट म्हणजे ब्राउझरला 'तुझी ठरलेली कृती करू नको' असं सांगणं. दोन वेगळे गैरसमज इथे एकमेकांत अडकलेले असतात.

पहिला: पॉइंटरडाउन किंवा पॉइंटरमूव्हमध्ये प्रिव्हेंटडिफॉल्ट केलं की स्क्रोल थांबेल. थांबत नाही. पॉइंटरडाउनमधल्या प्रिव्हेंटडिफॉल्टने फक्त मागून येणारे माऊसचे अनुकूलतेचे (जुन्या, माऊससाठीच्या कोडला चालावं म्हणून पाठवलेले) इव्हेंट थांबतात. पॉइंटर इव्हेंटांच्या जगात स्क्रोलचा लगाम एकच, टच-ॲक्शन.

दुसरा: टचमूव्हमध्ये प्रिव्हेंटडिफॉल्ट केलंय, म्हणजे झालं. टच इव्हेंटांत ते खरोखर स्क्रोल अडवतं, पण लिसनर पॅसिव्ह, म्हणजे 'मी स्क्रोल अडवणार नाही' असं आधीच कबूल केलेला, नसेल तरच. २०१७ मध्ये आलेल्या क्रोम ५६ पासून विंडो, डॉक्युमेंट आणि बॉडीवरचे टचस्टार्ट-टचमूव्ह लिसनर न सांगता पॅसिव्ह धरले जातात. सफारीनेही पुढे तेच केलं. रिॲक्ट या फ्रेमवर्कमध्ये १७ व्या आवृत्तीपासून मुळाशी लावलेले हे लिसनर पॅसिव्हच असतात, त्यामुळे ऑनटचमूव्ह प्रॉपमधलं प्रिव्हेंटडिफॉल्ट वाया जातं. कन्सोलमध्ये तसा इशारा येतो, पण कन्सोल बघतो कोण? इलाज: रेफ (खऱ्या एलिमेंटचा संदर्भ) घेऊन थेट एलिमेंटवर ॲडइव्हेंटलिसनर लावा आणि पर्यायांत पॅसिव्ह: फॉल्स स्पष्ट लिहा. आयपॅडच्या स्क्रिबलवरही हाच उपाय लागू पडतो: कॅनव्हासवर पॅसिव्ह नसलेला टचमूव्ह आणि त्यात प्रिव्हेंटडिफॉल्ट.

वेळही महत्त्वाची. स्क्रोल एकदा सुरू झाला की पुढचे टचमूव्ह कॅन्सलेबल: फॉल्स होऊन येतात आणि अडवता येत नाहीत. अडवायचं तर पहिल्याच हालचालीला. 'दाबून धरा, मग ओढा' अशी यादी करताना मुठीची सोय नसेल तर हाच मार्ग राहतो: पूर्ण ओळ स्क्रोलसाठी मोकळी ठेवा, लाँग-प्रेसचा टायमर लावा, टायमर पूर्ण झाला असेल तरच पहिल्या टचमूव्हला अडवा. टायमर पूर्ण होण्याआधी बोट हललं तर टायमर रद्द करा आणि स्क्रोल होऊ द्या.

एकाच एलिमेंटवर टच आणि पॉइंटर दोन्ही प्रकारचे इव्हेंट ऐकत असाल तर एक बंद करा. स्क्रोल सुरू झाल्यावर पॉइंटरच्या बाजूला कॅन्सल येतो, पण टचच्या बाजूला टचमूव्ह आणि टचएंड येत राहू शकतात. एकाच बोटाच्या दोन साक्षी, दोन्ही वेगळ्या. पॉइंटर इव्हेंट क्रोम ५५, फायरफॉक्स ५९ आणि सफारी १३ पासून आहेत, सफारी १३ सुद्धा २०१९ ची. जुन्या जेक्वेरी प्लगइनसाठी सोडलं तर दुहेरी कोडची गरज उरलेली नाही. आणि ती प्लगइनं बहुधा टचकॅन्सल ऐकतच नाहीत.

तपासणी ६: ब्राउझरचं स्वतःचं ड्रॅग, निवड आणि लाँग-प्रेस

फोटो आणि लिंक मुळातच ओढता येतात. माऊसने फोटो थोडा ओढला की ब्राउझरचं ड्रॅग-ड्रॉप सुरू होतं आणि कोडला पॉइंटरकॅन्सल जातो. हा कॅन्सल माऊसवरही येतो, म्हणून 'कॅन्सल फक्त टचला' असं मानणारे इथे फसतात. फोटोला ड्रॅगेबल: फॉल्स द्या, किंवा ड्रॅगस्टार्टमध्ये प्रिव्हेंटडिफॉल्ट करा.

मजकूर निवडला जात असेल तर मुठीवर यूजर-सिलेक्ट: नन, सफारीसाठी वेबकिट उपसर्गासह. बोट स्थिर ठेवल्यावर मेनू उघडत असेल तर कॉन्टेक्स्टमेनू इव्हेंट अडवा, आयफोनवर वेबकिट-टच-कॉलआउट: नन. हे सगळं ओढायच्या भागापुरतंच. लेखाच्या मजकुरावर निवड बंद करणं म्हणजे वाचकाशी वैर.

तपासणी ७: संपण्याची एकच वाट

वरचं सगळं नीट केल्यावरही कॅन्सल येणारच: फोन वाजेल, पडदा आडवा होईल, तळहात टेकेल. तेव्हा कोड सावरतो का, हे इथे तपासायचं. बिघडलेल्या कोडमध्ये जवळपास नेहमी हेच दिसतं: पॉइंटरअपच्या हँडलरमध्ये पंधरा ओळींची साफसफाई आणि पॉइंटरकॅन्सलचा हँडलरच नाही. किंवा आहे, पण त्यात पंधरातल्या चारच ओळी नकललेल्या.

एकच फंक्शन करा, नाव काहीही द्या, इथे 'संपव' म्हणू. त्याला दोन गोष्टी द्यायच्या: पॉइंटरआयडी आणि निकाल, 'पक्कं' किंवा 'मागे'. पहिल्या ओळीत बघायचं की हा आयडी चालू आहे का. नसेल तर मुकाट परत. यामुळे ते दोनदा बोलावलं गेलं तरी बिघडत नाही. हे लागतंच, कारण अप आणि कॅन्सल दोन्हींच्या मागून लॉस्टपॉइंटरकॅप्चर येतो.

मग जोडणी अशी:

पॉइंटरअप: संपव, पक्कं.
पॉइंटरकॅन्सल: संपव, मागे.
लॉस्टपॉइंटरकॅप्चर: अजून चालूच असेल तर संपव, मागे.
पान दिसेनासं झालं, म्हणजे व्हिजिबिलिटीचेंज: संपव, मागे.
विंडोचा ब्लर: संपव, मागे. पानात आयफ्रेम (आत बसवलेली दुसरी पानं) असतील तर जपून, कारण फोकस आयफ्रेममध्ये गेला तरी ब्लर येतो.

आत झाडून काढायच्या गोष्टी कागदावर लिहूनच घ्या, एकतरी विसरतेच: ड्रॅगिंगचा क्लास, लाँग-प्रेसचा टायमर, कडेला गेल्यावर आपोआप स्क्रोल करणारा इंटरव्हल, वाट बघत असलेली ॲनिमेशन फ्रेम, बॉडीवर लावलेला ओव्हरफ्लो: हिडन, बदललेला कर्सर, विंडोवर तात्पुरते टांगलेले लिसनर, आणि शेवटचा बिंदू. शेवटचा बिंदू पुसला नाही की सहीत आडवी रेघ येते. ॲनिमेशन फ्रेम रद्द केली नाही की कार्ड जागेवर जातं आणि पुढच्याच फ्रेमला पुन्हा अर्ध्यावर येतं. हे डोळ्यांना लुकलुकल्यासारखं दिसतं आणि लोक ट्रान्झिशनला दोष देत बसतात. विंडोवरच्या लिसनरांना एकाच ॲबॉर्टकंट्रोलरचा सिग्नल दिला तर शेवटी एक ॲबॉर्ट पुरतो.

कॅन्सलला अपसारखंच वागवलं तर ओळी वाचतात, पण हे करू नका. अप म्हणजे माणसाने घेतलेला निर्णय, कॅन्सल म्हणजे निर्णय झालाच नाही. 'सरकवून डिलीट करा', 'सरकवून पैसे भरा' अशा ठिकाणी कॅन्सलवर कृती पक्की झाली तर फोन वाजला म्हणून पैसे जातील. ओढून ठेवायच्या यादीत वस्तू जुन्या जागी परत. सहीच्या चौकटीत मात्र आलेली रेघ ठेवलेली बरी, फक्त तिथे तोडायची. चित्रकलेच्या पानावर, जिथे पेन आणि तळहात दोन्ही येतात, पॉइंटरटाइप टच असलेली रद्द रेघ पुसा, ती बहुधा तळहाताची असते.

चाचणीसाठी पॉइंटरकॅन्सल कृत्रिम पाठवता येतो: नवा पॉइंटरइव्हेंट, तोच आयडी, बबल्स: ट्रू. पण कृत्रिम पॉइंटरडाउनच्या आयडीवर सेटपॉइंटरकॅप्चर केलं की नॉटफाउंडएरर फेकला जातो, कारण ब्राउझरच्या लेखी असा पॉइंटर अस्तित्वातच नसतो. ती ओळ ट्राय-कॅचमध्ये ठेवा. खऱ्या फोनवर: ड्रॅग चालू ठेवून दुसऱ्या हाताने नोटिफिकेशनचा पडदा ओढा, फोन आडवा करा, मग दुसऱ्या फोनवरून कॉल लावा.

तपासणी ८: कॅप्चर, आणि बोटाखालून गायब झालेला एलिमेंट

टचमध्ये बोट जिथे टेकलं त्या एलिमेंटला कॅप्चर आपोआप मिळतं. माऊसला मिळत नाही. पॉइंटरडाउनमध्ये सेटपॉइंटरकॅप्चर केलं नसेल तर माऊस खिडकीबाहेर किंवा एखाद्या आयफ्रेमवर, म्हणजे नकाशा किंवा व्हिडिओवर गेला की पॉइंटरअप हरवतो. कॅप्चर लावा, बस. वर एक स्वस्त विमा: माऊसच्या पॉइंटरमूव्हमध्ये बटन्स ० दिसलं आणि ड्रॅग चालूच असेल, तर संपव, मागे.

उलट, पियानोच्या पट्ट्यांसारखं बोट एकावरून दुसऱ्यावर घसरायला हवं असेल तर टचचं आपोआप मिळालेलं कॅप्चर पॉइंटरडाउनमध्येच सोडावं लागतं, नाहीतर शेजारच्या पट्टीला बोट आल्याचं कळतच नाही.

आता अवघड भाग. ड्रॅग सुरू होताच यादी पुन्हा रेंडर झाली (नव्याने रचली गेली) आणि ओढलेला एलिमेंट डॉममधून, म्हणजे पानाच्या एलिमेंटांच्या रचनेतून, निघाला, तर कॅप्चर तुटतं. लॉस्टपॉइंटरकॅप्चर त्या एलिमेंटवर न येता डॉक्युमेंटवर येतो, म्हणून एलिमेंटवरचा लिसनर त्याला ऐकत नाही. टच इव्हेंटांत याहून वेगळंच होतं: पुढचे टचमूव्ह-टचएंड त्या काढून टाकलेल्या एलिमेंटवरच जात राहतात आणि डॉक्युमेंटपर्यंत पोचत नाहीत. पॉइंटरवाल्यांनी लॉस्टपॉइंटरकॅप्चर डॉक्युमेंटवरही ऐकावा. टचवाल्यांनी टचएंड आणि टचकॅन्सल थेट मूळ एलिमेंटवर लावावेत.

कारण शोधताना आधी 'की', म्हणजे फ्रेमवर्क ओळ ओळखतं ती खूण, बघा. यादीच्या ओळींना क्रमांकाचीच की दिली असेल तर क्रम बदलताच फ्रेमवर्क चुकीची ओळ काढतं-घालतं. अपेंडचाइल्डने एलिमेंट दुसरीकडे हलवणं हेही काढून पुन्हा घालणंच. ड्रॅग चालू असताना मूळ एलिमेंट जागेवर ठेवा, ट्रान्सफॉर्मने हलवा, खरा क्रम 'संपव' मध्ये बदला.

तपासणी ९: एकाहून जास्त बोटं

पिंच-झूमसाठी चालू पॉइंटर कोडमधल्या एका मॅपमध्ये (आयडीवार नोंदींच्या साठ्यात, पडद्यावरचा नकाशा नव्हे) ठेवतात. कॅन्सलवर आयडी काढला नाही तर मॅपमध्ये भूत राहतं. पुढच्या वेळी एक बोट टेकलं तरी मोजणी दोन, आणि नकाशा झूम व्हायला लागतो. नवीन बोट आल्यावर इझप्रायमरी खरं असेल तर त्याच पॉइंटरटाइपचे जुने आयडी मॅपमधून आधी काढून टाका. प्राथमिक बोट म्हणजे त्या प्रकारचं दुसरं कुणी टेकलेलं नाही. टच इव्हेंटांत आयडेंटिफायर ० असू शकतो. 'आयडी नसेल तर परत' ही अट नुसत्या नकाराने लिहिली तर ० लाही ती हाकलते. नल किंवा अनडिफाइंडशी तुलना करा.

तपासणी १०: ॲपच्या आतलं पान

त्याच फोनवर तोच पत्ता क्रोममध्ये किंवा सफारीत उघडा. तिथे चालतं आणि ॲपच्या वेबव्ह्यूत (ॲपच्या आत पान दाखवणाऱ्या चौकटीत) तुटतं, तर पानाच्या कोडमध्ये आणखी वेळ घालवू नका. अँड्रॉइडमध्ये वेबव्ह्यूच्या बाहेरचा पेजर, ओढून रिफ्रेशचा थर किंवा खालून वर येणारं शीट स्पर्श मध्येच हिसकावून घेतं आणि वेबव्ह्यूला ॲक्शन कॅन्सल पाठवतं. पानाला दिसतो तो फक्त पॉइंटरकॅन्सल, टच-ॲक्शन नन असलं तरी. आयओएसवर हेच काम बाहेरचा जेस्चर रेकग्नायझर करतो. त्याचं कॅन्सल्सटचेसइनव्ह्यू मुळातच चालू असतं.

इथे थांबायचं आणि ॲप लिहिणाऱ्याला बोलवायचं. अँड्रॉइडवाल्याने बाहेरच्या थराला रिक्वेस्टडिसअलाऊइंटरसेप्टटचइव्हेंटने अडवायचं असतं, आयओएसवाल्याने रेकग्नायझरची अट बदलायची असते. पानातून तिथे हात पोचत नाही. पान एवढंच करू शकतं की ड्रॅग सुरू-बंद झाल्याचा निरोप ॲपला पाठवायचा, तोही ॲपने ऐकायचं कबूल केलं तर.

त्यांच्याकडे जाताना 'टच चालत नाही' असं तोंडी सांगू नका. दोन लॉग द्या, एक ब्राउझरमधला आणि एक ॲपमधला, त्याच कृतीचे. फोनचं मॉडेल, अँड्रॉइड किंवा आयओएसची आवृत्ती, वेबव्ह्यूची आवृत्ती लिहा. 'पॉइंटर लोकेशन' चालू ठेवून केलेलं दहा सेकंदांचं स्क्रीन रेकॉर्डिंग जोडा. बोटाची रेघ अखंड चाललेली आणि खाली कार्ड थिजलेलं, हे त्यात एकाच चौकटीत दिसलं की फोनची काच की कोड हा वाद उरत नाही.